गाडीपर्यंत येणारे साहेब

शोकसभेला माणसं बरीच आली होती. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर साहेबांचा फ्लेक्स लावलेला, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो साहेबांच्या फोटोपेक्षा मोठे. माइक ज्याच्या हातात गेला तो सोडायला तयार नव्हता. एक माजी सभापती आवाज भरून आणून म्हणाले, "सोनटक्के साहेब होते तोवर आपल्या दवाखान्यातून एकबी पेशंट परभणीला धाडला गेला न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नसतात हे आमच्या गावाला कुणी सांगायचं? पण मला लाज वाटली ती टाळ्यांची नाही. जी गोष्ट साहेबांना मरेपर्यंत टोचत राहिली, तिचाच आम्ही हार करून त्यांच्या फोटोला घातला होता. मागच्या रांगेतून आमच्या दवाखान्याचे डॉ. इरफान उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं मीही उठलो आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. पुरं व्हायला मात्र बरेच महिने गेले.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होतो, म्हणजे खिडकीतून गोळ्या देणारा. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातला, एवढं पुरे. माझ्या खोलीतून एका बाजूला केसपेपरची रांग दिसायची आणि दुसऱ्या बाजूला पोर्च, जिथं रुग्णवाहिका उभी असायची. साहेबांची सगळी कारकीर्द मी तिथं बसून पाहिली.

डॉ. त्र्यंबक सोनटक्के आमच्याकडे वैद्यकीय अधीक्षक म्हणून आले, म्हणजे सगळ्या दवाखान्याचे प्रमुख. अंगानं किडकिडीत, शर्ट कायम एक माप मोठा, आणि कान चांगले रुंद, डोक्यापासून सुटून उभे राहिलेले. या कानांमुळं साहेबांना मनातलं काही लपवताच यायचं नाही. ते कधी कुणावर ओरडले नाहीत, कुणाला मेमो दिला नाही. वॉर्डात घाण दिसली, डॉक्टर उशिरा उगवला, सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं दिसलं, की साहेब नुसते उभे राहायचे आणि त्यांचे कान लाल व्हायचे. मग हळू आवाजात म्हणायचे, "लाज वाटायलीय मला." तुम्हाला लाज वाटली पाहिजे, असं नाही, मला वाटायलीय. ऐकणाऱ्याला व्हायचं की यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आमचे शिपाई सकाळी हजेरी लावायच्या आधी एकमेकांना विचारून घ्यायचे, "कान कसे हायेत आज?"

पेशंटला ते पेशंट म्हणत नसत, पाव्हणं म्हणत. "पाव्हणं, कुठलं गाव?" "पाव्हणं, जीभ दावा जरा." बायामाणसांना माय. दुपारचा डबा ते माझ्या औषधांच्या खोलीत खोक्यावर बसून खायचे. केबिनमध्ये जेवायला बसलं तर बाहेर माणसं ताटकळतात, असं त्यांचं म्हणणं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. कांदा फोडताना त्यांना हटकून सोनपेठचं घर आठवायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचं कुणी ना कुणी त्यांच्या ओसरीवर असायचंच, आणि आई जेवल्याशिवाय कुणाला उठू देत नसे. एकदा पीठच नव्हतं म्हणून एक पाव्हणा तसाच पाण्याच्या तांब्यावर गेला. आई त्याच्याबरोबर चालत एसटी स्टँडापर्यंत गेली आणि हात जोडून उभी राहिली. ही गोष्ट साहेबांनी मला इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी मीच ती पुरी करायचो.

दवाखान्यातला त्यांचा सगळ्यात वेगळा रिवाज या गोष्टीतून आलेला होता. एखादा पेशंट आमच्याकडून बरा होण्यासारखा नसला की तो परभणीला पाठवावा लागे. अशा वेळी साहेब हातातलं काम टाकून त्या स्ट्रेचरबरोबर पोर्चपर्यंत चालत जायचे. गाडीचं दार लागायच्या आधी नातेवाइकांसमोर मान खाली घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आमच्यानं झालं न्हाई. माफ करा." मग गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिथंच. नव्या डॉक्टरांना घाम फुटायचा. एकजण म्हणालाही होता की सर, असं कबूल करत जाऊ नका, उद्या हेच आपल्यावर उलटेल. साहेब म्हणाले, "पण खरंच झालं न्हाई की आपल्यानं."

त्यांची ही लाज नुसती उभी राहून संपत नव्हती, कामाला लागायची. एका पेरणीच्या दिवसांत साप चावलेला एक गडी आला आणि आमच्याकडं सापाचं औषध संपलेलं. साहेब गाडीपर्यंत गेले. त्या गड्याच्या भावानं त्यांना आईवरून शिव्या दिल्या. त्या त्यांनी पुऱ्या ऐकून घेतल्या. गडी वाचला, पण दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः परभणीच्या भांडारात जाऊन बसले आणि औषधाचा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं परत आले. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय हाय? साहेब म्हणाले, सापाचं हाय. औषध हा शब्द गाडीच्या आवाजात गेला असावा, कारण त्यांच्या शेजारची दोन्ही बाकं रिकामी झाली. पुढं ते औषध आमच्याकडं कधी संपलं नाही.

तसंच ऑपरेशन थिएटरचं. आम्हाला ते मोडक्या खाटा आणि जुने पोस्टर ठेवायची खोली म्हणूनच माहीत होतं. भूल देणारा डॉक्टर नाही म्हणून अडलेली प्रत्येक बाळंतीण परभणीला जायची, आणि प्रत्येकीमागं साहेब गाडीपर्यंत. त्यांनी खाटा काढल्या, भिंती धुऊन घेतल्या, परभणीच्या भुलीच्या डॉक्टरांना विनवण्या करकरून आठवड्यातले ठरावीक दिवस यायला लावलं. पहिलं सिझेरियन झालं त्या दिवशी बाळाच्या आज्यानं पेढे आणले, आणि साहेबांनी आपला पेढा थिएटर धुणाऱ्या मावशीला दिला. गावात बोललं जाऊ लागलं की आता परभणीला जायचं काम न्हाई. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांचं नाव घेऊन सांगितलं गेलं की बाहेर पाठवलेले पेशंट सगळ्यात कमी यांचे. परत आले तेव्हा कान लाल होते, पण त्या दिवशी ते खुशीनं लाल होते. आम्हीही छाती काढून हिंडलो. मी खोटं कशाला बोलू, लय भारी वाटलं होतं.

इथपर्यंत ऐकलं तर सभापतींचं भाषण बरोबरच वाटेल.

पण माणूस आवडता झाला की त्याला दुखवायचं जिवावर येतं. साहेब गाडीपर्यंत मान खाली घालून चालत जायचे ते कुणालाच बघवत नव्हतं. ज्याच्या हातून पेशंट पाठवायची चिठ्ठी लिहिली गेली तो डॉक्टर त्या वेळी कुठंतरी आडोशाला जायचा. गिरी सिस्टर, आमच्या प्रसूती विभागाच्या प्रमुख, तोंड फिरवायच्या. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, पण दवाखान्यात एक शब्द रुजला: "थोडं बघू." आज सकाळी पाठवायला हवा तो पेशंट दुपारी, दुपारचा संध्याकाळी. बहुतेक वेळा बघण्यात निभावून गेलं, आणि निभावलं की हुशारी वाटली.

डॉ. इरफान तेव्हा नवे होते. जिंतूरकडचे, हसरे, काम करताना गुणगुणायची सवय, आणि साहेबांवर जीव. त्या दिवशी साहेब बैठकीला परभणीला गेलेले, भुलीच्या डॉक्टरांचा यायचा वार नव्हता. जवळच्या खेड्यातली सविता नावाची पहिलटकरीण सकाळी आली, सोबत तिची सासू शेवंताबाई. दुपारपर्यंत बाळंतपण पुढं सरकेना. गिरी सिस्टर म्हणाल्या की पाठवू या. इरफान म्हणाले, थोडं बघू. सिस्टर पुन्हा म्हणाल्या की बाळाचे ठोके उतरायलेत. इरफाननी ठोके स्वतः ऐकले. आता वाटतंय नीट, म्हणाले. बैठकीतल्या चहाच्या सुट्टीत साहेबांचा फोन आला, कसं काय विचारायला. इरफान पोर्चमध्ये येऊन बोलत होते, मला आत ऐकू येत होतं. ते म्हणाले, "सगळं नॉर्मल चाललंय, सर." फोन ठेवून ते तिथंच थोडा वेळ उभे राहिले, रुग्णवाहिकेकडं बघत.

साहेब संध्याकाळच्या बसनं आले ते सरळ आत गेले आणि लगेच बाहेर आले. गाडी काढायला लावली. स्ट्रेचरबरोबर ते चालत आले, शेवंताबाईंसमोर उभे राहिले, पण नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. नुसता दाराला हात लावून राहिले. सविता वाचली. बाळ मात्र परभणीला मेलेलंच जन्मलं. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डबा उघडला नाही. इरफानना माझ्याच खोलीत बोलावलं. मी उठायला लागलो तर म्हणाले, बसा अण्णा. मग इरफानना विचारलं, "का थांबलास?"

 इरफानकडं पाच-सहा डॉक्टरी कारणं होती, ती मलासुद्धा सुचत होती. त्यातलं त्यांनी एकही दिलं नाही. म्हणाले, "सर, तुमची मान खाली गेलेली आम्हाला बघवत नाही."

मी साहेबांच्या कानांकडं पाहिलं. सवयच लागली होती. ते लाल झाले नाहीत, पांढरे पडले. साहेब इतकंच म्हणाले, "म्हणजे मी थांबवली तिला." आणि उठून वॉर्डात गेले.

त्या खेड्याला जायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मला सोबत घेतलं, कारण मला घर माहीत होतं. इरफान यायला निघाले तर नको म्हणाले.  शेवंताबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. सविता आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं बघायची माझी तर हिंमत झाली नाही. साहेबांनी चहा खाली ठेवला आणि सांगितलं की तुमच्या सुनेला पुढं पाठवायला उशीर झाला, आणि तो माझ्यामुळं झाला.

शेवंताबाईंना ते पटेना. "तुमी तर तवा परभणीला व्हता, साहेब."

साहेब म्हणाले की माझ्या भ्यानं माझी माणसं थांबली.

"तुमच्या भ्यानं?" बाई खरंच गोंधळल्या. "तुमी कुनाला एक शबूद वाईट बोलत न्हाईत, समदे म्हणतेत. म्हणून तर जिंतूरला न्यायची ती तुमच्याकडं आनली की आमी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर साहेबांनी तो साप चावलेल्या गड्याच्या भावाच्या शिव्यांसारखा झेलला असता. बाईंनी चहा गार झाला म्हणून तो परत गरम करून आणला, आणि साहेबांना तो प्यावा लागला. आतून सविता एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कुनाला तरी येळंवर धाडा, साहेब." परत येताना साहेब जीपमध्ये चेहरा खिडकीकडं करून बसले होते.

पुढं जिल्ह्याच्या बैठकीत हा मृत्यू चर्चेला आला तेव्हा वरिष्ठांना सोपं उत्तर हवं होतं, आणि नवा डॉक्टर हे सोपं उत्तर होतं. साहेबांनी उभं राहून सांगितलं की दोष माझ्या वागण्याचा आहे. वागणं काय होतं ते सांगायला लागले तर सगळे कागद चाळू लागले. पेशंटची माफी मागणं हा दोष कुठल्या रकान्यात घालायचा? सोनटक्के, बसा, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय पुढं गेला. ज्या खोलीत त्यांची वाहवा झाली तीच ही खोली. इरफानना समज देऊन सोडलं. साहेबांना कुणी काही केलं नाही, आणि मला वाटतं तेच त्यांना सगळ्यात जड गेलं.

त्यानंतर त्यांनी आपला रिवाज मोडला. मोडला म्हणजे गाडीपर्यंत जाणं सोडलं नाही, पण मान वर ठेवून जायला लागले. गाडी गेली की ज्यानं पाठवायचा निर्णय घेतला त्याच्याकडं, सगळ्यांच्या देखत, वळून म्हणायचे, "बरं केलंत. लवकर पाठवलंत." आणि हसायचे. साहेबांना हसणं मुळात जमत नव्हतं. दाढ दुखणारा माणूस फोटोला बसल्यासारखा चेहरा व्हायचा. पण ते नेटानं हसायचे, आणि लाल होणारे कान त्यांना दगा द्यायचे. प्रत्येक वेळी. सोनपेठच्या ओसरीवरची ती लाज त्यांच्या अंगातून गेली नव्हती, ते फक्त तिच्यावर पाय देऊन उभे राहायला शिकत होते.

‘थोडं बघू’ हा शब्द हळूहळू दवाखान्यातून गेला. बाळंतिणी वेळेवर जाऊ लागल्या, वेळेवर पोचू लागल्या, बाळं घेऊन परत येऊ लागल्या. याच्या मात्र टाळ्या वाजल्या नाहीत. गावात उलटंच सुरू झालं. सोनटक्के आता पयल्यासारखे राहिले न्हाईत, जरा कुठं काही झालं की धाडून देतेत, रिटायर व्हायला आले ना. हे मी केसपेपरच्या रांगेत माझ्या कानांनी ऐकलं, खिडकीच्या पलीकडं साहेब एका म्हाताऱ्याचा बीपी बघत असताना. त्यांनीही ऐकलं. पट्टा सोडला, आकडा सांगितला, "पाव्हणं, मीठ कमी करा," म्हणाले. त्यांनी एकदाही खुलासा केला नाही. मी डबा खाताना विषय काढला तर म्हणाले, "म्हणू द्या, अण्णा. त्या नावापायी एक पोरगी गेलीय."

निरोप समारंभाला खुर्च्या रिकाम्या होत्या. शाल अंगावर घसरत होती, साहेबांनी ती घडी करून मांडीवर ठेवली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्याच गावच्या शाळेत शिकवत असल्यामुळं निवृत्तीनंतरही ते इथंच राहिले. संध्याकाळी फिरायला निघाले की दवाखान्याच्या फाटकासमोरून न जाता मागच्या गल्लीनं जायचे. मी एकदा विचारलं. म्हणाले की नव्या माणसाला वाटायला नको, म्हातारा लक्ष ठेवायलाय. मला ते कारण पुरं वाटलं नाही. इरफान मात्र दर ईदला शीरखुर्मा घेऊन त्यांच्या घरी जायचे आणि त्या भेटीत दोघं दवाखान्याविषयी चकार शब्द काढत नसत, असं वहिनी सांगायच्या.

गेल्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी भर गर्दीत, साहेब रिक्षानं दवाखान्यात आले. मी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत होतो. शर्ट घामानं चिकटलेला. रांगेच्या बाकावर बसले, छातीवर हात ठेवून. कुणीतरी ओळखलं, आरडाओरडा झाला, इरफान धावत आले. ते आता प्रमुख झाले होते. हृदयाचा आलेख काढला, तो बघितला आणि त्यांनी एका क्षणाचीही वाट पाहिली नाही. गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि गाडी काढायला सांगितली. बाकावरचा एकजण बोललाच, "आपल्या साहेबाला बी ठिवून घेता येईना ह्यांला."

स्ट्रेचर माझ्या खिडकीसमोरून पोर्चकडं गेलं. मी बाहेर आलो. इरफान बरोबर चालत होते, आणि त्यांची मान खाली गेली होती. गाडीशी पोचल्यावर ते थांबले, ओठ हलले, आणि आम्हा सगळ्यांना पाठ असलेलं ते वाक्य तोंडातून निघणार असं मला वाटलं.

साहेबांनी हातानं मास्क बाजूला केला. "इरफान, मान वर," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "माणसं बघायलेत तुझ्याकडं."

इरफाननी मान वर केली. साहेब त्यांच्याकडं बघून हसले, तसंच, दाढ दुखल्यासारखं. "बरं केलंस," म्हणाले. "लवकर पाठवायलास."

मास्क परत तोंडावर बसवला. त्याची रबरी पट्टी त्या रुंद कानांमागून गेली होती आणि कान पट्टीबाहेर लालभडक उभे होते. गाडीचं दार लागलं. साहेब परभणीहून परत आले नाहीत, पण हे तेव्हा माहीत नव्हतं. गाडी फाटकाबाहेर गेली तरी इरफान तिथंच उभे राहिले, मान वर करून, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. बाकावरची माणसं बघत होती.